पाहुण्यांच्या हातचा घोट

गाडी सात माणसांची होती. मला मधल्या सीटवर बसवलं, आणि तिथंही बरोब्बर मध्ये. उजव्या अंगाला माझा मुलगा, डाव्या अंगाला पाहुण्यांची म्हातारी. गाडी चालवायला तो पोरगा, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता. त्याच्या शेजारी त्याचा बाप. आणि मागच्या सीटवर माझी नात, एकटी, पिशव्यांच्या संगतीत.

माझी मान बरीच वर्षं मागं वळत नाही. वळायचं तर अख्खा माणूस वळवावा लागतो, आणि दोघांच्या मध्ये चेंगरलेला माणूस वळत नाही. म्हणजे दिवसभर नात माझ्या पाठीमागं असणार आणि मला तिचं तोंड दिसणार नाही. त्या दिवशी सगळं तिच्या तोंडाकडं बघून करायचं होतं.

मी तिसरी शिकलो. पुढं शिकलो नाही, पण जे शिकलो ते विसरलो नाही. माझं घर सूर्यमाळला. फाल्गुन लागला की तिथलं पाणी आटतं, बाया हंडे घेऊन दरीत उतरतात. मग मुलगा मला जव्हारला आपल्या घरी घेऊन येतो आणि पाऊस पडेस्तोवर सोडत नाही. तो शाळेत मास्तर आहे. सकाळ-संध्याकाळ नळाला पाणी, वर पंखा, जेवायला वेळेवर हाक. तक्रार करायला जागा नाही. म्हणूनच जास्त कोंडल्यासारखं होतं. सूर्यमाळच्या घराची किल्ली मी करदोड्याला बांधून ठेवतो. उपयोग काही नाही. पण असू दे.

तर आमची रीत अशी. दोन घरांचं लग्न ठरलं असं तोंडानं कितीही म्हटलं तरी ठरत नाही. पोराकडच्या वडीलधाऱ्यानं द्रोणात मोहाची दारू ओतून पोरीकडच्या वडीलधाऱ्याच्या हातात द्यायची. त्यानं आधी मातीवर धार सोडायची, ती पितरांची. मग उरलेली घोटायची. घशाखाली उतरली की शब्द दिला. त्यानंतर पोरीकडचा माघार घेत नाही. घेतली तर त्याला कुणी अंगणात बसवून घेत नाही. आमच्या घरात वडीलधारा मीच. मुलगा मास्तर असला तरी घोट माझाच.

हे पाहुणे मूळचे मोखाड्याकडचेच, पण दोन पिढ्यांपासून नाशिकला. बाप सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला, पोरगा कुठल्याशा कंपनीत कायम. त्यांना रीत तर पाळायची होती, पण पाड्यात मांडी घालून मोहाची प्यायला लाज वाटत होती. तेव्हा पोराच्या बापानंच तोड काढली की एक दिवस सगळे मिळून फिरू. सकाळी जव्हारचा राजवाडा बघू, दुपारी मोखाड्यावरून त्र्यंबकच्या पुढं जाऊ. तिकडं द्राक्षाचे मळे आहेत, तिथंच वाइन बनवतात आणि बसवून चाखायला देतात. घोट तिथं घेऊ. रीतही झाली आणि फिरणंही झालं.

मला मुलानं यातलं निम्मंच सांगितलं. म्हणाला, बाबा, पाहुण्यांबरोबर जरा फिरून येऊ, तुमचंही मन रमेल. उरलेलं निम्मं मला नातीनं सांगितलं. सकाळी मी मागच्या दारी दात घासत होतो, तिथं ती आली आणि उकिडवी बसली.

"आजा, तू आज काय पिऊ नको."

मी म्हटलं, पोरगा वाईट आहे का.

"वाईट नाय. कसा आहे तेच मला माहीत नाय. माझं नर्सिंगचं वरीस राहिलंय. लगीन झाल्यावर कोण जाऊ देतो?"

मग बापाला सांग, मी म्हटलं. ती म्हणाली, सांगितलं, तर बाबा म्हणतात असं स्थळ परत येत नाही, आणि जास्त बोललीस तर कॉलेज आत्ताच बंद. तेव्हा तिचं नाव यात यायला नको होतं. नको म्हणायचं ते मी, माझ्याच अंगावर घेऊन. ती म्हणाली, "तुला सगळे हट्टी म्हणतातच ना."

खरं आहे. जन्मभर लोकांनी मला हट्टी म्हटलं, त्याचा उपयोग झालेला मी पहिल्यांदा बघत होतो. मी चूळ भरली आणि तिला शब्द दिला.

गाडी सुरू झाली तशी तिनं सीटच्या फटीतून माझ्या पाठीत बोट टोचलं. ध्यानात आहे ना, असा त्याचा अर्थ. पोराचा बाप पुढं बसून सांगत होता की तिथं सहा प्रकारची चाखायला देतात, पांढरी, लाल, फेसाळणारी. परत बोट. माझा मुलगा माझ्या कानाशी म्हणाला, "बाबा, दारू नाही हां ती. द्राक्षाचा रस. मोठमोठी माणसं घेतात." परत बोट. मी मान न हलवता खोकलो. म्हणजे आहे, आहे.

राजवाडा टेकडीवर आहे, काजूच्या झाडांत. माझा बाप दसऱ्याला तिथं लाकडाच्या मोळ्या पोचवायचा, मागच्या दारानं. त्यानं पुढचं दार कधी पाहिलं नाही. मी पुढच्या दारानं गेलो, तिकीट काढून, आणि मुलगा हात धरायला आला तर त्याचा हात बाजूला केला. पण त्याआधी एक गोष्ट झाली. गाडीतून उतरायचं म्हणून पोराच्या बापानं बाहेरून दार उघडलं, मुलगा उतरला, त्यानं आपल्या मागं दार लोटून दिलं, आणि मी ते आतून उघडायला गेलो तर उघडेना. पोरगा पळत आला, बाहेरून उघडलं, म्हणाला, आजोबा, लहान मुलांसाठी लॉक टाकलेलं असतं, आतून उघडत नाही. मी त्याला म्हटलं, मी लहान आहे का? तो हसला नाही. म्हणाला, "नाही, माझी चूक. काढायचं राहिलं." काढायला बसला तर ते त्याला निघेना. शेवटी राहिलं तसंच.

आतली दिवाणखान्याची खोली, आरसे, भिंतीवरचे फोटो बघून सगळे वर गच्चीकडं निघाले. जिना उंच. म्हातारी म्हणाली, मी इथंच बसते. माझ्या गुडघ्यालाही जिना नको होता, पण तसं मी बोललो नाही. म्हणालो, पाहुण्यांना एकटं कसं सोडायचं. आम्ही दोघं पायऱ्यांवर बसलो.

म्हातारी माझ्या वयाची, पातळ नीट नेसलेली, पिशवीत पाण्याची बाटली. बाटली उघडून तिनं माझ्यापुढं धरली. मला तहान लागली होती. सकाळी पाहुणे आले त्या गडबडीत चहा सोडून पोटात काही गेलं नव्हतं, आणि फाल्गुनाचं ऊन. पण हात पुढं होईना. पाण्याचा आणि घोटाचा संबंध नाही हे मला कळतं. तरी म्हटलं, पोराकडच्या वडीलधाऱ्याच्या हातचं, कशाला धोका. मी म्हणालो, तहान नाही.

ती बाटलीला बूच लावत म्हणाली, "आमच्यात पाण्यानं लगीन ठरत नाय, पाव्हणं."

वरून, गच्चीवरून, हसणं ऐकू आलं. नातीचं होतं. तिचं हसणं मी दुसऱ्या डोंगरावरून ओळखीन.

म्हातारीनंही ते ऐकलं. मग तिनं मला सरळच विचारलं, की नको कोण म्हणतं, पोरगी का तुम्ही. मी म्हणालो, मी. ती म्हणाली, माझ्या नातवात काय खोट काढलीत? मी म्हणालो, खोट नाही, मला नाशिक लांब पडतं. त्यावर तिनं मला आपादमस्तक बघितलं आणि म्हणाली, "तुम्हाला खोटं बोलता येत नाय. कशाला बोलता?"

मला राग आला. माझ्या गावात मला असं कुणी बोलत नाही. मी विषय बदलायला म्हणून विचारलं, की तुमची सून का आली नाही. ती म्हणाली, "लगीन झाल्यापासनं ती कुठंच येत नाय." आणि पदर सारखा केला. मग आम्ही दोघं खाली येणाऱ्यांच्या चपला वाजेपर्यंत काजूच्या झाडाखाली एक कुत्रं झोपलं होतं ते बघत बसलो.

तिथून हनुमान पॉइंटला गेलो. दरी बघायला सगळे कठड्यापाशी उभे राहिले. नात आणि तो पोरगा जरा पुढं. ती हात लांब करून त्याला काहीतरी दाखवत होती, तो दुसरीकडंच बघत होता, मग तिनं त्याच्या बाहीला धरून त्याला बरोबर वळवलं. मी हे बघितलं. मुलानंही बघितलं, आणि माझ्याकडं असं पाहिलं की बघा, तुम्ही उगाच.

घरी जेवायला आलो तेव्हा मी तांब्याभर पाणी एका दमात प्यायलो. सून बघतच राहिली. मग परत गाडीत, परत मधल्या सीटवर. आणि मोखाड्याच्या रस्त्याला लागेपर्यंत मला एक गोष्ट जाणवली. बोट थांबलं होतं.

पोराचा बाप वाइनबद्दल बोलत होता, पहिल्यापेक्षा जास्तच. कुठली मटणाबरोबर घेतात, कुठली माशाबरोबर. दर वेळी मी पाठ ताठ करून वाट बघायचो. काही नाही. उलट पोरगा आरशात बघून काही विचारायचा आणि ती मागून उत्तर द्यायची. दवाखान्यातल्या गोष्टी, कुठला पेशंट सुई बघून पळाला, असलं. त्यांचं सगळं बोलणं माझ्या डोक्यावरून जात होतं, आणि मी खाली, दोन खांद्यांच्या मध्ये. तिचं मन बदललं असेल का? बदललं असेल तर मी कशासाठी तोंड शिवून बसलोय? आणि बदललं नसेल, नुसतं पाहुण्यांशी चांगलं वागत असेल, आणि मी पिऊन बसलो तर? वळून एकदा तोंड बघितलं असतं तर कळलं असतं. मी वळायला गेलो. मुलगा म्हणाला, "बाबा, काय होतंय? लागली का?" म्हातारी म्हणाली, "बसू द्या नीट." मी नीट बसलो.

सूर्यमाळचा फाटा आला. खिडकी थोडी उघडी होती, त्यातून मोहाच्या फुलांचा वास आत आला. पहाटे पडलेली फुलं दुपारी उन्हात तापली की असा वास येतो, गोड आणि थोडा आंबलेला. मी म्हणालो, इथं जरा थांबू. मुलगा म्हणाला, आधीच उशीर झालाय, ते लोक वेळ देतात, ती चुकवून चालत नाही. फाटा मागं गेला. मागं बघता येत नाही ते बरंच झालं.

वाइनची जागा म्हणजे धरणाच्या वरच्या अंगाला काचेची इमारत. खालपर्यंत वेलींच्या रांगा. आत गारवा. आम्हाला उंच स्टुलांवर बसवलं. माझे पाय अधांतरी लोंबकळत होते. जन्मात मी अशा जागी बसलो नाही जिथं बसल्यावर पाय जमिनीला लागत नाहीत. उतरायचं म्हटलं तर कुणीतरी धरायला पाहिजे. आधी गाडीचं दार, आता हे.

काळ्या कपड्यातली एक मुलगी आली आणि सांगू लागली. ग्लास असा धरायचा, असा फिरवायचा, वास घ्यायचा, थोडी तोंडात घोळवायची. नको वाटली तर थुंकायला भांडं ठेवलंय. थुंकायला भांडं आहे म्हटल्यावर माझ्या डोक्यात एक वाट उघडली. तोंडात घ्यायची आणि थुंकायची. घशाखाली उतरली नाही तर शब्द दिला नाही. पण लगेच ती वाट बंदही झाली. पाहुण्यांच्या हातचा घोट त्यांच्या डोळ्यांदेखत थुंकला तर तो नुसता नकार नाही, ते वैर. मग दोन घरांत पुढच्या तीन पिढ्या कुणी कुणाच्या मयताला जाणार नाही.

पोरानं ग्लास पालथा घातला. म्हणाला, गाडी चालवायचीय, मी आज नाही घेत. त्याचा बाप म्हणाला, अरे एकानं काय होतं. पोरगा म्हणाला, घाट आहे, नको. नात समोरच बसली होती. सकाळपासून पहिल्यांदा मला तिचं तोंड नीट समोर दिसत होतं. आणि त्या तोंडावर मला काही वाचता येईना. ती टेबलावरच्या ग्लासाच्या बुडाकडं बघत होती.

पोराच्या बापानं लाल वाइनची बाटली हातात घेतली, मग माझ्याकडं बघून थबकला आणि त्या मुलीला म्हणाला, "बाबांना ही जड जाईल. ती गोडवाली द्या, हलकी." मुलीनं माझ्यापुढचा मोठा ग्लास उचलला आणि लहान ठेवला.

मला जड जाईल? पहिल्या धारेची, काडी लावली तर निळी पेटणारी, ती मी घेतलीय आणि घेऊन रात्रभर नाचलोय. माझा हात त्या लाल बाटलीकडं गेला. खोटं कशाला सांगू, गेलाच. टेबलाच्या मध्यापर्यंत गेला. सगळे हसले, मुलगा सगळ्यात जास्त, कारण त्याला वाटलं जमलं. म्हातारी हसली नाही. मी हात तसाच पुढं नेऊन टेबलावरचा कागदी रुमाल घेतला आणि कपाळ पुसलं.

मग पोराच्या बापानं ग्लास भरला, आईच्या हातात दिला, आणि म्हातारीनं तो माझ्यापुढं धरला. मुलगा नातीला म्हणाला, तू सांग आजोबांना. ती म्हणाली, "आजा, तुला जसं वाटेल तसं."

हे काय उत्तर झालं? सकाळी मागच्या दारी बसून बोलली ती हीच होती.

मला काहीतरी बोलायलाच पाहिजे होतं. मी म्हणालो, "इथं माती कुठं आहे? फरशीवर धार सोडली तर पितरांना पोचत नाही."

मला वाटलं, सुटलो. काचेच्या घरात माती कुठून आणतील. पण पोराचा बाप खुशच झाला. म्हणाला, बरोबर बोलले बाबा, वडीलधारं माणूस पाहिजे ते यासाठी, चला बाहेर, मळ्यात चला. आणि मलाच स्टुलावरून धरून उतरवलं. माझ्याच बोलण्यानं मी बाहेर निघालो, वेलींच्या रांगेत, जिथं माझ्या पायाखाली माती होती आणि आता म्हणायला काहीच उरलं नव्हतं.

द्राक्षं उतरवून झाली होती. वेली तारांवर रिकाम्या, खाली काळी माती, ठिबकच्या नळ्या. आमच्याकडची माती तांबडी, पण माती ती माती. मी ग्लास हातात घेऊन उभा राहिलो. धार सोडली की मग घोटावीच लागते, मध्ये थांबता येत नाही. माझ्या एका बाजूला मुलगा, एका बाजूला पोराचा बाप, समोर म्हातारी. पोरगा रांगेच्या तोंडाशी उभा. नात माझ्या मागं होती. मी पाठ ताठ केली. बोटाची वाट बघितली. वारा होता, तारा वाजत होत्या. पाठीत काही लागलं नाही.

किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. पोरगा लांबून म्हणाला की त्यांना नको असेल तर राहू द्या ना. त्याच्या बापानं हातानंच त्याला गप्प केलं. माझा मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, हट्ट पुरे."

तेव्हा म्हातारी पुढं आली. म्हणाली, "पाव्हणं, इतका वेळ धरून ठेवलात, तापली ती. द्या, धार मी सोडते." तिनं माझ्या हातातून ग्लास घेतला, वाकली आणि मातीवर धार सोडली. सोडली ती सोडतच गेली. थेंब राहिला नाही. मातीनं सगळी पिऊन टाकली, नुसता ओला डाग उरला.

"आई, हे काय केलंस?" पोराचा बाप म्हणाला.

"सांडली. हात कापतो माझा."

दिवसभर मी तिच्या शेजारी बसलो होतो. तिचा हात मी एकदाही कापताना पाहिला नव्हता.

पोराचा बाप म्हणाला, बरं, दुसरी भरून आणतो. म्हातारी म्हणाली, "सांडलेला घोट त्याच दिवशी परत भरत नाय. रीत आहे. हो ना पाव्हणं?"

अशी रीत मी जन्मात ऐकली नव्हती. माझ्या बापानं सांगितली नव्हती, आजानं सांगितली नव्हती. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते.

"आहे," मी म्हणालो. "पितरांनी सगळा घेतला म्हणजे ते म्हणतात, थांबा. पुढचा मोह पडेपर्यंत भरायचा नाही."

वर्ष मी माझ्या पदरचं घातलं. म्हातारीनं माझ्याकडं एकदा बघितलं, मग ग्लास नातवाच्या हातात देऊन ती गाडीकडं चालायला लागली. माझा मुलगा मास्तर आहे, त्याला खूप माहीत आहे, पण हे खोटं ठरवायला त्याच्यापाशी काही नव्हतं. रीत त्यानं कधी विचारून घेतलीच नव्हती.

म्हातारी आणि पोराचा बाप नाशिकच्या रस्त्याला उतरून रिक्षात बसले. उतरताना म्हातारीनं पाण्याची बाटली सीटवरच ठेवली, विसरली असं दाखवून. आम्हाला सोडायला पोरगा एकटाच निघाला. मुलगा त्याच्या शेजारी पुढं जाऊन बसला आणि खिडकीबाहेर तोंड केलं. नात माझ्या शेजारी आली. ऊन उतरत होतं.

मी आमच्या बोलीत हळूच विचारलं, बोट का थांबवलंस.

"कधी?"

"राजवाड्यापासून."

ती आठवत राहिली. मग म्हणाली, "ध्यानात नाय राहिलं, आजा."

मी दिवसभर तहानलेला, तोंड शिवलेला, आणि हिच्या ध्यानात राहिलं नाही. मी विचारलं, मग मी पिलो असतो तर? ती पुढं बघत होती, पोराच्या मानेकडं की रस्त्याकडं, मला सांगता येणार नाही. म्हणाली, "माहीत नाय. वरीस मिळालं ना? बघीन की." आणि तिनं माझा हात धरला, तिच्या लहानपणी फाट्यावरून घरापर्यंत धरायची तसा.

सूर्यमाळचा फाटा परत आला. मी काही बोललो नाही. एकदा मागितलेलं मिळालं नाही तर मी परत मागत नाही. पोरानं गाडी हळू केली.

"आजोबा, सकाळच्याला तुम्हाला इथं थांबायचं होतं ना?"

सकाळी नाही, दुपारी, पण ते असू दे. मुलगा म्हणाला, नको आता, चल, उशीर होईल. पोरानं थांबवलीच. उतरून, फिरून आला, दार बाहेरून उघडलं. मी उतरलो. मोहाच्या झाडाखाली उद्या पडणाऱ्या फुलांसाठी जागा झाडून ठेवलेली होती, पालापाचोळा बाजूला केलेला. वर डोंगरावर माझं घर, दिसत नाही पण मला ठाऊक आहे कुठं आहे. मी करदोड्याची किल्ली चाचपली. पोरगा बाजूला उभा होता, घाई न करता. मी त्याला म्हटलं, गाडीत बाटली आहे ती आण. आणली. ते पाणी मी सगळं प्यायलो. पाण्यानं लग्न ठरत नाही. मग परत गाडीत बसलो आणि त्यानं दार लावलं.

त्यानंतर मुलगा बरेच दिवस माझ्याशी जेवणाच्या हाकेपुरतंच बोलला. मग त्याच्या डोक्यात आलं की ही रीत खरी का ते बघावं. एका रविवारी सूर्यमाळला गेला आणि पाड्यापाड्यांतून म्हाताऱ्यांना विचारत फिरला, की सांडलेला घोट वर्षभर भरत नाहीत का. कुणालाच माहीत नव्हतं, पण मास्तरापुढं माहीत नाही कोण म्हणेल? सगळ्यांनी हो म्हटलं. एकानं तर त्याला दोन घरांचे दाखले दिले, कुणाचा घोट कसा सांडला आणि कसे थांबले त्याचे. आता ती रीत आहे.

नात कॉलेजला जाते. फोनवर कुणाशी तरी हसते. मी विचारत नाही. मी अजून जव्हारलाच आहे, पाऊस सरला तरी, गुडघ्याचं कारण सांगून सोडत नाहीत. मुलाला मी एकच सांगून ठेवलंय. पुढच्या फाल्गुनात घोट घ्यायचा तर सूर्यमाळला, माझ्या अंगणात, पळसाच्या पानात, आणि त्या म्हातारीनं ओतायचा. मी जमिनीवर बसणार. नात माझ्या मागं बसेल. तिनं बोट टोचलं तर नाही. नाही टोचलं, तर आधी मी अख्खा वळून तिला विचारीन, की ध्यानात आहे ना, म्हणून. मग बघू.